सुकें लांकूड कोणाचें?

अग्नीचा शोध हा मनुष्याच्या संस्कृतीचा पहिला टप्पा, असें आपण शाळेपासून शिकत आलों आहों. परंतु शोध एकदांच लागतो. अग्नि जिवंत ठेवण्याचें काम मात्र रोजचें असतें, आणि तें सरपणावांचून होत नाहीं. राजांच्या लढाया, तह आणि वंशावळी यांनीं इतिहासाचीं पानें भरलीं. त्या राजांच्या महालांत हिंवाळ्यांत ऊब कोठून येई, याची वास्तपुस्त करण्याचे श्रम फार थोड्यांनीं घेतले. वास्तविक थंड देशांत अन्नाच्या खालोखाल मनुष्यास जर कशाची चिंता असेल तर ती जळणाची. धान्याची कोठी रिती झाली तरी मनुष्य कांहीं दिवस तग धरतो. पाणी गोठविणाऱ्या रात्रीं चूल विझली तर सकाळ पाहावयास मिळेलच असा भरंवसा नसतो. सरपणाच्या गंजीकडे या दृष्टीनें पाहूं लागलें कीं तींतून घरगुती शहाणपणाचा, राज्यकारभाराचा आणि न्यायान्यायाचाहि एक दीर्घ इतिहास उलगडत जातो. त्याचा शेवटचा धागा आपल्या सह्याद्रीच्या रानांपर्यंत येऊन पोंचतो, म्हणून तो मराठी वाचकांनीं समजून घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे थंडी बेताची, आणि सरपण मुख्यतः स्वयंपाकाचें. तरी सुकें लांकूड सांठविण्याची विद्या आपणांस अपरिचित नाहीं. कोंकणांत मृगापूर्वीं आगोटीची बेगमी करतांना मीठ, मिरची, डाळी, सुकी मासळी यांच्या जोडीला जळाऊ लांकडेंहि पडवींत किंवा मांगरांत रचून ठेवण्याची चाल आहे. चार महिने आकाश गळत असतां वाळवण घालणार तरी कोठें? ज्या घरीं ही बेगमी वेळेवर झाली नाहीं, त्या घरच्या सुनेनें आषाढांत फुंकणी फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यावे, हें ठरलेलेंच. युरोपच्या उत्तरेस आपल्या पावसाळ्याची जागा बर्फानें घेतली आहे, आणि तेथें धुरानें डोळे चुरचुरण्यावर निभावत नाहीं, येवढाच काय तो भेद.

ओलें लांकूड जळत नाहीं असें आपण म्हणतों, तें तंतोतंत खरें नाहीं. तें जळतें, पण आधीं स्वतःच्या पोटांतील पाणी उकळतें. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनांत पुष्कळदां निम्मा भाग पाण्याचा असतो. असें लांकूड विस्तवांत घातलें कीं त्याच्या टोकांतून फेंस निघतो, सूं सूं असा आवाज येतो, आणि घराला मिळावयाच्या उष्णतेचा मोठा वांटा त्या पाण्याची वाफ करण्यांत खर्ची पडतो. ज्वाला थंड राहिल्यामुळें लांकडांतील वायु पुरते न जळतां धुरावाटे निघून जातात, आणि धुराड्याच्या आंतल्या अंगास डांबरासारखा काळा थर धरतो. हा थर एखाद्या रात्रीं आंतल्या आंत पेट घेतो, आणि मग घर तापविण्याऐवजीं घरच जळूं लागतें. तेंच लांकूड वाऱ्यावर ठेवून त्यांतील पाणी एकपंचमांशाच्या आसपास उतरविलें, म्हणजे तें थोडक्या धुरांत, स्वच्छ ज्वाळेनें आणि जवळ जवळ सगळा जीव देऊन जळतें. झाड एकच, पण धीर धरणाऱ्याला तें अधिक देतें आणि उतावळ्याला कमी.

धीर मात्र नुसतें बसून राहण्याचा नव्हे. लांकूड वाळतें तें कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगांतून. साल ही झाडाची कातडी. पाणी आंत राखणें हाच तिचा धर्म. अखंड ओंडका सालीसकट पडून राहिला, तर वर्षानंतरहि त्याचा गाभा ओलाच सांपडतो. भूर्जाच्या जातीचीं झाडें तर अशा स्थितींत वाळण्याच्या आधीं कुजूं लागतात. म्हणून उत्तरेकडील शेतकरी हिंवाळा सरतां सरतां, झाडांत नवा रस चढण्यापूर्वीं तोड करतो, चुलीच्या मापानें तुकडे पाडतो, आणि ते ओले असतांनाच फोडून काढतो. कडाक्याच्या थंडींत आंतलें पाणी गोठलेलें असतें. त्यामुळें घाव नेमका बसला तर ओंडका कांचेसारखा दुभंगतो. फोडण्याची कुऱ्हाड तोडण्याच्या कुऱ्हाडीहून निराळी. तोडणारीचें पातें पातळ व धारदार असतें. फोडणारीचें जाड, जड आणि पाचरीच्या घाटाचें, कारण तिला तंतु कापावयाचे नसून एकमेकांपासून दूर सारावयाचे असतात. जाणता मनुष्य घाव घालण्यापूर्वीं ओंडक्याच्या तोंडावरची चीर पाहतो, गांठ कोठें दडली आहे तें हेरतो, आणि गांठ चुकवून चिरेच्या रोखानें कुऱ्हाड आणतो. गांठाळ बुंध्याशीं मात्र तोहि हुज्जत घालीत नाहीं. लोखंडी पाचर रोवून वर घणाचे घाव घालतो.

यानंतर रचणी. फोडलेलीं लांकडें नुसतीं ढिगानें टाकलीं तर खालचीं भुईची ओल शोषून घेतात व मधलीं बुरशीं येऊन काळवंडतात. म्हणून खालीं दोन आडव्या बल्ल्या टाकून, त्यांवर फांकांच्या ओळी अशा बसवितात कीं गंज पडूं नये आणि वाराहि अडूं नये. वरून आच्छादन असावें, बाजू मोकळ्या असाव्यात. चोहोंबाजूंनीं गुंडाळलेली गंज आपल्याच घामांत भिजते. आल्प्स पर्वतांतील खेड्यांत घराच्या उन्हाकडील भिंतीलगत, वळचणीच्या आश्रयानें, छपरापर्यंत रचलेलीं लांकडें आजहि दिसतात. भूर्जाला एक चांगला उन्हाळा पुरतो. ओकासारख्या घट्ट लांकडाला दोन वर्षें लागतात. वाळलेलें लांकूड ओळखण्यास यंत्र नको. टोकांना मध्यापासून किरणांसारख्या भेगा पडतात, रंग करडा होतो, साल सुटूं लागते, हातांत घेतल्यास तें हलकें भासतें, आणि दोन फांकी एकमेकींवर आपटल्या तर बद्द न वाजतां खणखणीत वाजतात. हें शास्त्र त्या लोकांच्या किती अंगवळणीं पडलें आहे याची साक्ष अगदीं अलीकडची आहे. २०१३ च्या फेब्रुवारींत नॉर्वेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीनें सरपण या एकाच विषयावर बारा तासांचा कार्यक्रम केला, आणि त्यांतील कित्येक तास नुसती पेटती चूल दाखविली. प्रेक्षक कंटाळले नाहींत. पण पुष्कळांनीं तक्रार मात्र केली. कोणी म्हणाले, गंजींत साल वरच्या अंगास हवी होती. कोणी म्हणाले, खालच्या!

आतां या सगळ्या विद्येंत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. लांकूड वाळवावयाचें म्हणजे तें एक-दोन वर्षें न जाळतां पडूं द्यावयाचें. त्यासाठीं जागा पाहिजे, गाडी पाहिजे, तोडीचा हक्क पाहिजे, आणि मुख्य म्हणजे या वर्षींच्या हिंवाळ्याची सोय आधींच झालेली पाहिजे. अंगणांतली गंज हें एका अर्थानें गुंतविलेलें भांडवलच होय. ज्याच्यापाशीं तें आहे तो कमी लांकडांत अधिक ऊब मिळवितो. ज्याच्यापाशीं नाहीं त्याला आजचें सरपण आजच गोळा करून आजच जाळावें लागतें, आणि तें ओलें असलें तर एकाच उबेसाठीं दुप्पट वणवण करावी लागते. गरिबी महाग पडते, हें अर्थशास्त्राचें सूत्र चुलीपुढें बसून जितकें स्पष्ट कळतें तितकें ग्रंथांतूनहि कळत नाहीं.

पण निसर्गानें गरिबासाठीं एक सोय करून ठेविली आहे. झाडावरच मेलेली फांदी, वाऱ्यानें पाडलेली काटकी, उभें वठलेलें खोड, हीं निसर्गानें आपण होऊन वाळविलेलीं लांकडें होत. त्यांना कुऱ्हाड लागत नाहीं, गंज लागत नाहीं, वर्षभर थांबावें लागत नाहीं. सकाळीं मोळी बांधावी आणि संध्याकाळीं चूल पेटवावी. म्हणूनच जगांतील बहुतेक प्रदेशांत रानांतील मेलेलें लांकूड वेंचण्याचा हक्क हा भूमिहीनाचा शेवटचा हक्क होऊन बसला. इंग्लंडांत गांवच्या सामाईक रानांतून जळण नेण्याची वहिवाट मध्ययुगापासून मान्य होती, आणि १२१७ च्या वनसनदेनें राजाच्या राखीव रानांतहि प्रजेच्या जुन्या वहिवाटींना संरक्षण दिलें. उभें झाड धन्याचें आणि पडलेली काटकी गरिबाची, अशी कांहींशी वांटणी जर्मनींतील खेड्यापाड्यांतहि पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. सरपण मुबलक होतें तोंवर या वांटणीविषयीं कोणी भांडला नाहीं.

मुबलकपणा ओसरला तो शहरांच्या वाढीबरोबर. सोळाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसच्या आसपासचीं रानें विरळ झालीं, तेव्हां व्यापाऱ्यांची दृष्टि आग्नेयेकडील मोर्व्हां या डोंगराळ मुलखाकडे वळली. झां रूव्हे या व्यापाऱ्याचें नांव व १५४९ हें साल या उद्योगाशीं जोडलेलें आहे. डोंगरांतील ओढ्यांवर बांध घालून पाणी अडवीत, आणि वेळ आली कीं तें एकदम सोडून त्याच्या लोंढ्याबरोबर हजारों ओंडके मोकळे सोडून देत. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर हातोड्यानें ठोकलेली धन्याची खूण असे. क्लाम्सी गांवापाशीं ते अडवून खुणेबरहुकूम निवडीत, रचीत, आणि मग त्यांचे लांबच लांब तराफे बांधून योन व सेन या नद्यांतून राजधानीस नेत. होडींतून कोरडें आलेलें लांकूड मात्र पाण्यांतून वाहत आलेल्या लांकडाहून श्रेष्ठ गणलें जाई, व त्याचा भावहि चढा असे. तीनशें वर्षांहून अधिक काळ पॅरिसची ऊब या तराफेवाल्यांच्या हातांत होती. तिकडे लंडनांत सरपणाच्या विक्रींत लबाडी होऊं नये म्हणून तुकड्यांचीं व मोळ्यांचीं मापें ठरविणारा कायदा पार्लमेंटला १५५३ सालीं करावा लागला. पुढें त्या शहरानें सरपणाचा नाद सोडून समुद्रमार्गानें येणाऱ्या दगडी कोळशाची कास धरली, आणि १६६१ सालीं जॉन ईव्हलिन यानें त्या कोळशाच्या धुरावर एक संतप्त पुस्तिका लिहिली.

ज्यांना कोळसा सुलभ नव्हता त्यांनीं चूल सुधारण्याकडे बुद्धि लावली. उत्तर अमेरिकेंतील वसाहतवाल्यांनीं प्रथम अरण्य अफाट आहे असें समजून उघड्या शेगडींत ओंडकेच्या ओंडके जाळले. त्यांतील बहुतेक ऊब धुराड्यावाटे आकाशांत जाई. १७४४ सालीं बेंजामिन फ्रँकलिननें आपल्या नव्या लोखंडी शेगडीचें वर्णन छापून काढलें, त्यांत त्यानें अशी हकीकत दिली आहे कीं, पूर्वीं दाराशीं मिळणारें लांकूड कांहीं शहरांना आतां शंभर मैलांवरून आणावें लागतें. या शेगडीचें पेटंट घेण्यास त्यानें नकार दिला, हें त्याच्या लोकहितबुद्धीस शोभण्यासारखेंच होतें. १७६७ सालीं स्वीडनमध्यें क्रोनस्टेट व व्रेडे या दोघा सरदारांनीं चिनीमातीच्या कौलांनीं मढविलेली अशी भट्टी तयार केली कीं तींत धूर वेड्यावांकड्या मार्गांनीं फिरून आपली सारी ऊब भिंतींना देऊन मगच बाहेर पडे. सकाळीं थोडीं सुकीं लांकडें जाळावीं आणि दिवसभर खोली उबदार राहावी, ही किमया त्यांनीं साधली.

परंतु चूल कितीहि सुधारली तरी झाड कोणीतरी लावावयास पाहिजे, हा विचार राज्यकर्त्यांच्या गळीं उतरविला तो सॅक्सनींतील एका खाणअधिकाऱ्यानें. हान्स कार्ल फॉन कार्लोव्हिट्‌स हा फ्रायबर्ग येथें खाणींचा कारभार पाहत असे. धातूंच्या भट्ट्या रानें गिळीत चालल्या होत्या, आणि लांकूड संपलें तर चांदीची खाण असून नसून सारखीच, हें त्याला दिसत होतें. १७१३ सालीं त्यानें वनांविषयीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें सार सांगावयाचें तर जितकें वाढतें तितकेंच तोडावें, तोडलेल्या जागीं बीं पेरावें, आणि घरें व भट्ट्या अशा बांधाव्या कीं जळण कमी लागेल. हिंवाळ्याची गंज आदल्या वर्षीं रचणाऱ्या शेतकऱ्याचेंच हें शहाणपण. कार्लोव्हिट्‌सनें तें एका वर्षावरून शंभर वर्षांवर नेलें. आज ज्याला आपण शाश्वत विकास म्हणतों त्या कल्पनेचें मूळ पुष्कळ अभ्यासक या ग्रंथांत पाहतात. पुढें जर्मनींत वनशास्त्राच्या शाळा निघाल्या, झाडांची मोजदाद सुरू झाली, आणि रानाचा हिशेब वहींत बसूं लागला.

आणि येथेंच गोष्टीला वळण लागलें. हिशेबाच्या वहींत झाडाला किंमत मिळाली, तशी पडलेल्या काटकीलाहि मिळाली. जी वस्तु आजवर कोणाचीच नव्हती तिला धनी उत्पन्न झाला, आणि ती उचलणारा चोर ठरला. प्रशियाच्या ताब्यांतील ऱ्हाइन प्रांतांत लांकूडचोरीच्या कायद्यावर प्रांतिक सभेंत वादविवाद झाले, आणि १८४२ सालीं कोलोन येथील एका वृत्तपत्रांत चोवीस वर्षांच्या एका संपादकानें त्यावर लेखमाला लिहिली. झाडानें स्वतः टाकून दिलेली फांदी आणि उभ्या झाडावर घातलेला घाव यांना एकाच गुन्ह्याचें नांव कसें देतां, असा त्याचा सवाल होता. त्या संपादकाचें नांव कार्ल मार्क्स. आर्थिक प्रश्नांकडे आपण प्रथम वळलों तें याच प्रकरणामुळें, असें त्यानेंच पुढें नमूद केलें आहे. त्याचीं पुढचीं मतें कोणास पटोत वा न पटोत. प्रश्न मात्र चुलीइतका साधा होता.

त्याच ऱ्हाइन प्रांतांतील बॉन शहरीं १८२४ सालीं जन्मलेला डीट्रिश ब्रँडिस हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ मध्यें ब्रह्मदेशांतील सागवानाच्या रानांची व्यवस्था पाहण्यास आला, आणि १८६४ सालीं हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. अशा रीतीनें सॅक्सनींत जन्मलेला हिशेब आपल्या देशीं आला. त्याची गरज नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. आगगाडीच्या रुळांखालीं घालावयाच्या तुळयांसाठीं बेसुमार तोड चालली होती, आणि मुंबई इलाख्यांत तर डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक १८४७ सालींच झाली होती. पण १८६५ च्या कायद्यामागून १८७८ चा अधिक कडक कायदा आला, आणि त्यानें रानें राखीव ठरवून गांवकऱ्यांच्या वहिवाटीला ‘हक्क’ न म्हणतां ‘सवलत’ म्हटलें. सवलत म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीवर चालणारी गोष्ट. ब्रँडिस स्वतः गांवांसाठीं निराळीं वनें राखावीं या मताचा होता. कायद्यांत तसें कलमहि होतें. पण तें बहुतांशीं कागदावरच राहिलें.

याचा चटका महाराष्ट्रास लौकरच बसला. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जंगलखात्यानें शेतकऱ्याच्या गुराढोरांवर व जळणावर आणलेल्या गदेचा कडक शब्दांत समाचार घेतला. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांतून इतका गवगवा झाला कीं मुंबई सरकारला १८८५ सालीं चौकशीसाठीं मंडळ नेमावें लागलें. मोळी विकून पोट भरणारी कातकरीण किंवा ठाकरीण या चौकशींच्या कागदांत नांवानें सांपडणार नाहीं. पण रानाच्या वाटेवर रखवालदारापुढें मोळी उतरवून उभी राहिलेली बाई हें त्या काळाचें खरें चित्र होय. अखेरीस १९३० सालीं कायदेभंगाची चळवळ समुद्रापासून दूरच्या मुलखांत शिरली तेव्हां मिठाची जागा तेथें रानानें घेतली. त्या वर्षीं जुलैमध्यें बापूजी अणे यांनीं पुसद येथें राखीव रानांतील गवत कापून सत्याग्रह केला. बिळाशी व संगमनेर हीं नांवें गाजलीं. आणि २५ सप्टेंबर रोजीं कुलाबा जिल्ह्यांतील चिरनेर येथें झालेल्या गोळीबारांत गांवकऱ्यांचे प्राण गेले. मीठ आणि जळण, दोन्ही चुलीपाशींच्या वस्तु. परकी सत्तेविषयींचा असंतोष शेवटीं तेथेंच पेटला, यांत नवल नाहीं.

स्वातंत्र्यानंतरहि वनांचा कारभार पुष्कळ वर्षें त्याच जुन्या चाकोरींतून चालला. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला, आणि ज्याला विदर्भांत निस्तार म्हणतात त्या जळण, चराई इत्यादि वहिवाटींना प्रथमच ‘हक्क’ हें नांव कायद्यानें दिलें. २००९ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गोंड लोकांच्या गांवास आपल्या रानावरचा सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणारें तें देशांतील अगदीं पहिल्या गांवांपैकीं एक. दरम्यान शहरांतून चूल गेली, खेड्यांतहि गॅसची शेगडी पोंचली, आणि धुरानें निकामी होणारीं फुप्फुसें वांचवावयाचीं तर तें इष्टच आहे. तरी टाकी संपली आणि पैसे नसले कीं पावलें पुन्हां रानाकडेच वळतात.

सरपणाच्या या इतिहासांत दूरदृष्टीचें महत्त्व पदोपदीं दिसतें, आणि तिची मर्यादाहि दिसते. कार्लोव्हिट्‌सचा हिशेब खोटा नव्हता. रान राखलें नाहीं तर पुढच्या पिढीची चूल थंडच राहणार. पण घरांत गंज रचणारी गृहिणी पुढच्या हिंवाळ्यासाठीं राखून ठेवतांना आजच्या रात्रीं कुडकुडणाऱ्या पोराला विसरत नाहीं; तिच्या गंजीवर पहिला हक्क कोणाचा, हें तिला विचारावें लागत नाहीं. देशाच्या रानाविषयीं तो प्रश्न विचारावा लागला, आणि १८७८ पासून मोजलें तर कायद्याला त्याचें उत्तर देण्यास एकशें अठ्ठावीस वर्षें लागलीं.